पॅड दहा मिनिटांचे, पिना तासाभराच्या

गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात माझी एक छोटी वही असते. तिच्यातल्या एका पानावर एवढंच लिहिलंय: "पुढचं डावं, आतला 2, बाहेरचा 7. पुढचं उजवं, आतला 5, बाहेरचा 6." हे मिलिमीटर आहेत, ब्रेक पॅडवर शिल्लक राहिलेल्या मालाचे, म्हणजे झिजणाऱ्या थराचे. उजव्या चाकाचे पॅड शहाण्यासारखे जोडीने झिजले होते. डाव्या चाकाचा आतला पॅड मात्र एकटाच राबत होता आणि बाहेरचा नुसता सोबतीला बसला होता.

ते पॅड मी गॅरेजात बसवून घेतले होते. अर्ध्या तासात दोन्ही चाकं उरकली म्हणून तेव्हा खूशही झाले होते. एवढ्या लवकर कसं उरकलं ते 14000 किलोमीटरनंतर कळलं. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा. तो ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या पिनांना कुणी हातच लावला नव्हता. तेव्हापासून हे काम मी घरी करते. मी मेकॅनिक नाही, हिशेब तपासण्याचं काम करते. पण डावीकडची आणि उजवीकडची बेरीज जुळली नाही की मला चैन पडत नाही, आणि ही खोड इथे फार कामाला येते.

खाली जे सांगते आहे ते साध्या गाडीच्या पुढच्या चाकांचं. त्यात कॅलिपर एका बाजूला पिस्टन असलेला, सरकता असतो. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेले जाडजूड कॅलिपर असतील तर त्यांची रीत वेगळी. मागच्या चाकांचीही वेगळी, ते पुढे ओघात येईलच.

हा सरकता कॅलिपर कसा चालतो ते आधी डोक्यात बसवा, बाकीचं मग आपोआप सुचतं. तुम्ही पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क बाजूला हलत नाही, म्हणून कॅलिपरच पिनांवरून उलटा आत सरकतो आणि जाता जाता बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. पिन अडकली की हे सरकणं थांबतं आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. माझ्या वहीतल्या 2 आणि 7 चा अर्थ एवढाच.

पॅड कधी बदलायचे? नव्या पॅडवर साधारण 10 ते 12 मिलिमीटर माल असतो, मागची लोखंडी पट्टी सोडून. तो 3 वर आला की बदला. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. माल संपत आला की ती डिस्कला टेकते आणि चाक फिरताना बारीक, कानात घुसणारा चिरका आवाज येतो. तो ऐकू आला तर अजून वेळ आहे असं समजा, पण फार नाही. खरखर, दगड घासल्यासारखा आवाज यायला लागला तर लोखंडाला लोखंड लागलंय. मग डिस्कही गेली असं धरून चाला. काही गाड्यांत पॅडमध्ये वायर असते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आणखी एक खूण आहे, ती बरेच जण उलटी वाचतात. पॅड झिजले की पिस्टन पुढे येऊन राहतो, त्याच्या मागची जागा ब्रेक ऑइल भरून काढतं आणि बोनेटखालच्या डबीतली पातळी खाली जाते. ती बघून लोक वरून ऑइल ओततात. मीही ओतलं होतं. त्याचा परिणाम पुढे सांगते.

सामान फार लागत नाही. चाकाचा पाना, जॅक, आणि जॅक स्टँड, म्हणजे ज्याला गॅरेजात घोडी म्हणतात ती. घोडी नसेल तर हे काम करू नका. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाच्या जागेत हात घालायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. चाकांना लावायला दोन ठोकळे. सॉकेट आणि रॅचेट, बहुतेक गाड्यांना 12, 13, 14 किंवा 17 नंबर लागतो. काहींना आतून बसणारा षटकोनी 7 चा पाना लागतो. पिन धरून ठेवायला एक पातळ फिक्स पाना. पिस्टन दाबायला मोठा सी-क्लॅम्प. तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं म्हणून मिळणारं सिलिकॉन ग्रीस, जाड तारेचा हातभर तुकडा, जुनी फडकी, हातमोजे, मास्क. शक्य असेल तर टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा. तो महाग वाटतो, पण मी तो घेतल्यापासून "जरा जास्तच आवळलं का?" हा प्रश्न रात्री पडायचा बंद झाला.

पॅड नेहमी दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलायचे. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. काम मात्र एका वेळी एकाच चाकाचं. दुसरं चाक जोडलेलं असलं की "ही क्लिप कशी होती?" असं झाल्यावर बघायला नमुना शिल्लक राहतो. त्यातही डावं आणि उजवं एकमेकांचं आरशातलं रूप असतं हे विसरू नका. मोबाइलवर फोटो काढत जा. मी बोल्ट सैल करायच्या आधी चार फोटो काढतेच.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या आणि डिस्क थंड होऊ द्या. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. हवेत उचलल्यावर पाना लावला की चाकच फिरायला लागतं. मग ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी उचला, घोडी खाली घ्या, गाडीचं वजन तिच्यावर सोडा आणि पत्र्याला हाताने एक चांगला धक्का देऊन बघा. हलायचं असेल तर आताच हलू दे. काढलेलं चाक मी गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवते, घोडी घसरलीच तर तेवढाच आधार. स्टिअरिंग अशा बाजूला पूर्ण वळवा की कॅलिपरची पाठ तुमच्याकडे येईल.

आता बोनेट उघडा. ब्रेक ऑइलच्या डबीभोवती फडकं गुंडाळा, झाकण सैल करून नुसतं वर ठेवा आणि पातळी बघा. पिस्टन मागे दाबला की तेवढं ऑइल उलट वर येतं. मी आधी वरून भरून ठेवलं होतं, म्हणून पहिल्या खेपेला डबी ओसंडली आणि खालच्या रंगावर ओघळ आला. आपण ऑइल म्हणतो, पण नेहमीचं डॉट 3 किंवा डॉट 4 हे तेल नव्हेच. ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं, हवेतला ओलावा शोषतं आणि रंग खातं. मी सावकाश फडक्याने पुसत बसले, तोवर तळहाताएवढा रंग फुगून सुटला होता. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात मिसळतं. पातळी वरच्या खुणेला टेकलेली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. काढलेलं परत ओतायचं नाही.

कॅलिपरच्या पाठीमागे वर एक आणि खाली एक असे दोन बोल्ट दिसतील. तेच पिनांचे. त्यांच्यापेक्षा मोठे, आतल्या बाजूचे दोन बोल्ट ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर आणि पॅड ज्या चौकटीत बसतात तिचे, त्यांना हात लावायचा नाही. डिस्क बदलायची असेल तरच ते काढतात. खालचा बोल्ट काढताना पिनही बरोबर फिरायला लागली तर तिच्या चपट्या बाजूवर फिक्स पाना लावून ती धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर दारासारखा वर उघडतो. मी मात्र दोन्ही बोल्ट काढते, कारण मला दोन्ही पिना बाहेर हव्या असतात. कॅलिपर निघाला की तारेने तो सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, म्हणजे होजवर, लोंबकळत ठेवू नका. होज वरून धडधाकट दिसते आणि आतून फाटते.

इथून पुढे, कॅलिपर डिस्कवर परत बसेपर्यंत, ब्रेकचं पॅडल कुणीही दाबायचं नाही. दाबलं तर पिस्टन बाहेर येऊन पडेल. घरात मदतीला उत्साही माणूस असेल तर त्याला हे आधीच बजावा.

जुने पॅड काढा आणि फेकू नका. आतला कुठला, बाहेरचा कुठला हे मार्करने मागे लिहा, दोघांना शेजारी मांडा आणि थोडा वेळ नुसते बघा. माझ्या मते या सगळ्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. दोन्ही सारखे झिजले असतील, फरक मिलिमीटरभराचा असेल, तर तुमचा कॅलिपर ठीक आहे. आतला जास्त झिजला असेल तर पिना अडकल्या आहेत, किंवा पिस्टन मागे फिरत नाही. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झाला असेल, तर एखादी पिन अडकली आहे किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने धरले गेलेत. कडेने माल फुटला असेल किंवा वरचा थर काचेसारखा चकचकीत झाला असेल, तर पॅड फार तापलेत. ही पत्रिका वाचल्याशिवाय नवे पॅड बसवले तर तेही त्याच वाटेने जाणार.

डिस्क बघा. बोटाने आडवं फिरवून खोल चरे लागतात का, कडेला उंच काठ तयार झालाय का, निळसर डाग किंवा तडे आहेत का. कमीत कमी किती जाडी चालेल ते डिस्कवरच कोरलेलं असतं, कडेला किंवा मधल्या टोपीवर. माझ्या डिस्कवर 20 आहे, नवी 22 ची होती. जाडी मोजताना एक फसगत होते. वर्निअरचे जबडे त्या न झिजलेल्या काठावर टेकतात आणि आकडा जास्त येतो. मी दोन सारखे वायसर घेते, डिस्कच्या दोन्ही बाजूंना काठाच्या आत धरते, त्यांच्यासकट मोजते आणि वायसरांची जाडी वजा करते. शेवटच्या वेळी 20.9 आली. म्हणजे हे पॅड निघतील, पुढच्या वेळी डिस्कही घ्यावी लागेल. तेही वहीत लिहिलंय.

आता पिना. खालची पिन माझ्या गाडीची सहज निघाली, ओल्या बोटाला लागावं तसं ग्रीस होतं तिला. वरची निघेना. रबरी बूट, म्हणजे पिनेवरचं पाणी-धूळ अडवणारं टोपण, बाजूला सारला तर आतून तपकिरी पाणी आलं. बूट कडेला फाटला होता, नखाएवढाच, पण तेवढ्यातून पाणी जात होतं. पिन पकडीत धरून अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असं वीस मिनिटं चाललं होतं. मदतीला आलेला भाचा म्हणाला, "मावशी, हातोडा देऊ?" हातोडा नको. पिन वाकली तर नवी मिळते, पण ब्रॅकेटचं भोक चेपलं तर ब्रॅकेटच बदलावा लागतो. गंज सोडवणारं तेल मारायचं असेल तर बूट बदलायचाच आहे असं ठरवून मारा, कारण ते तेल त्या रबराला चालत नाही. शेवटी पिन बाहेर आली तेव्हा तिच्यावर जुन्या शाईसारखा सुकलेला काळा थर होता आणि मध्ये गंजाचे खड्डे. खड्डे नसते तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून पुन्हा वापरली असती. खड्डे पडलेली पिन घासून गुळगुळीत करायच्या नादी लागू नका. ती बारीक होते आणि मग कॅलिपर खुळखुळतो. पिना आणि बूट यांचा वेगळा संच मिळतो.

पिनेचं भोकही साफ करायचं, हे लोक विसरतात. सळईला फडक्याची पट्टी गुंडाळून, ब्रेक क्लीनर मारून, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत आत फिरवा. मला सहा पट्ट्या लागल्या. मग पिनेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं चेसिस ग्रीस वापरू नका, त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा धरते. ग्रीस जास्तही नको. भोक ग्रीसने भरलं तर पिन आत दाबली की पंपासारखी उलट बाहेर येते. पिन पूर्ण आत गेली की बुटाची कड बोटाने जरा उचलून कोंडलेली हवा सोडा, मग बूट पिनेच्या खाचेत नीट बसवा. आता पिन बोटाने आत-बाहेर करून बघा. जड, पण अडखळल्याशिवाय सरकायला हवी. दोन्ही पिना दिसायला सारख्या असल्या तरी बऱ्याचदा एकीच्या टोकाला रबरी नळी असते. तिची जागा ठरलेली असते, कुठल्या गाडीत वर तर कुठल्या गाडीत खाली. अदलाबदल केली तर चालतं असं वाटतं, पण चालत नाही. म्हणून ते फोटो.

ब्रॅकेटच्या खाचांमधल्या स्टीलच्या पातळ क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंज धरला की क्लिप वर उचलली जाते आणि पॅडला जागा कमी पडते. तारेच्या ब्रशने घासा, राहिलाच तर कानशीने गंजापुरतं हलकं घासा, धातू खाऊ नका. ही धूळ तोंडाने फुंकायची नाही, कंप्रेसरची हवाही मारायची नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसा. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ही पूड फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. नव्या क्लिपा पॅडबरोबर आल्या असतील तर त्याच लावा. मग नवा पॅड खाचेत नुसता ठेवून बोटाने सरकवून बघा. सरकला पाहिजे आणि डुगडुगता कामा नये. अडकत असेल तर हातोडीने ठोकून बसवू नका. बहुधा पॅडच्या कानावर रंगाचा जाड थर असतो, तेवढा घासून काढला की पुरतं.

पिस्टन मागे दाबायच्या आधी त्याचा रबरी बूट बघा. फाटलेला असेल, पिस्टनवर गंज दिसत असेल किंवा कडेने ओलं असेल, तर थांबा. आता काम पॅडचं राहिलेलं नाही, कॅलिपरचं झालंय. ठीक असेल तर पिस्टनवर जुना पॅड ठेवा आणि सी-क्लॅम्पने सावकाश, पाव-पाव फेऱ्याने दाबा. मध्ये मध्ये डबीकडे बघून या. पुढच्या चाकाचा पिस्टन सरळ आत जातो. मागच्या डिस्कच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर बहुतेक वेळा तो फिरवत आत घालावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी गाडीला सर्व्हिसच्या स्थितीत न्यावं लागतं. तिथे क्लॅम्पने जोर लावला तर आतलं यंत्र मोडतं. पुढचा पिस्टनही दगडासारखा अडला असेल तर पिस्टन आतून गंजलाय किंवा होज आतून बुजली आहे. त्यावर जोर हा इलाज नाही, जाणकाराला बोलवा.

पिस्टनभोवती आत एक चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळते, सोडला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतात ते तेवढ्याने, तिथे स्प्रिंग वगैरे काही नाही. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला त्या रिंगचं फार कौतुक वाटलं होतं.

बसवताना आवाजाची जीभ असलेला पॅड कुठला ते बघा. बहुतेक वेळा तो आतला. पॅडवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना डिस्क फिरते त्या दिशेला. पॅडच्या कानांवर आणि पिस्टन टेकतो तिथे मागच्या पत्र्यावर ग्रीसचा नखभर, पातळ थर द्या. मालाच्या बाजूला किंवा डिस्कवर ग्रीसचा एक ठिपकाही नको. लागलाच तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवा. मालात ग्रीस मुरलं असेल तर तो पॅड गेला. आणि पॅडची मालाची बाजू डिस्ककडे. हसू नका, लोखंडी पाठ डिस्ककडे करून बसवलेले पॅड मी डोळ्यांनी बघितलेत.

कॅलिपर पॅडवर चढवा. तो चढत नसेल तर पिस्टन अजून पुरता मागे गेलेला नाही. होजला पीळ पडलेला नाही ना ते बघा. काढताना कॅलिपर एकदा उलटा फिरला असेल तर होज पिळलेलीच राहते. बोल्ट हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, मग आवळा. लहान गाड्यांत पिनांचे बोल्ट साधारण 25 ते 35 न्यूटन मीटरचे असतात, म्हणजे फार नाही. अंगात जोर असलेली माणसं इथेच आटे खातात. खरा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून होज कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघा. हबचा, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्याचा, तोंडाचा भाग ब्रशने साफ करा, चाक लावा, नट हाताने बसवा, गाडी खाली घ्या आणि नट समोरासमोरचे अशा क्रमाने आवळा. आट्यांना तेल लावायचं नाही.

मग दुसरं चाक. ते पहिल्याच्या निम्म्या वेळात होतं.

आता सगळ्यात धोक्याची जागा. सगळं जोडलंय, हात काळे झालेत, कंबर दुखतेय आणि गाडी जरा पुढे-मागे करून बघावी असं वाटतं. पहिल्या वेळी भाचा चावी लावून बसलाच होता. त्याने रिव्हर्स टाकला, गाडी सुटली, त्याने ब्रेक दाबला आणि पॅडल थेट तळाला गेलं. दाबून मागे नेलेला पिस्टन अजून तिथेच होता, पॅडपर्यंत आलेलाच नव्हता. त्याने घाबरून हँडब्रेक ओढला म्हणून गाडी फाटकापासून वीतभर अंतरावर थांबली. त्यानंतर नियम असा की पॅडल कडक झाल्याशिवाय चावी माझ्या खिशातून बाहेर येत नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल सावकाश दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दहा-पंधरा वेळा लागतील. पॅडल वरच कडक लागलं की डबीतली पातळी बघा, लागलं तर ताज्या, सीलबंद बाटलीतलं त्याच जातीचं ऑइल घाला आणि झाकण लावा. मग इंजिन सुरू करून पुन्हा दाबून बघा. इंजिन सुरू झाल्यावर पॅडल किंचित खाली जातं, ते बरोबर आहे. मऊ, स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. गाडी बाहेर काढू नका.

नवे पॅड पहिल्या दिवशी कमी धरतात. त्यांच्या मालाचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर चढावा लागतो. पॅडच्या खोक्यावर त्याची पद्धत लिहिलेली असेल तर तीच करा. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, 60 च्या वेगावरून 15 वर मध्यम दाबाने या, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. मध्ये अर्धा मिनिट जाऊ दे. असं आठ-दहा वेळा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी फिरवा म्हणजे डिस्क निवतील. तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून पाय दाबून धरलात तर तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. पहिले 200–300 किलोमीटर करकचून ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका.

फेरी मारून आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात न्या. हात न्या म्हटलं, डिस्कला लावा नाही म्हटलं. एक बाजू फारच जास्त तापली असेल, किंवा जॅकवर उचलल्यावर चाक हाताने फिरवायला जड जात असेल, तर त्या बाजूचा पॅड सुटत नाहीये. पुन्हा उघडा आणि खाचा, पिना बघा. सुरुवातीला थोडा वास येतो, तो दोन दिवसांत जातो. चाकाचे नट 50–100 किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. माझा दरवेळी एखादा तरी चिमूटभर फिरतोच.

गेल्या आठवड्यात टायर पुढचे मागे करायचे होते, तेव्हा चाकं निघालेलीच होती, म्हणून वर्निअर लावला. नव्या पिना बसवून 9000 किलोमीटर झालेत. वहीत आता त्या जुन्या ओळीखाली लिहिलंय: "पुढचं डावं, आतला 8, बाहेरचा 8. पुढचं उजवं, आतला 8, बाहेरचा 8.5."